तारांमुळे दात कायमचे ढिले होतात का?

‘तारा लावल्या की मुळं ढिली होतात, चाळिशीत दात पडतात’ हा मेसेज पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे, कारण उपचार चालू असताना दात खरंच थोडा हलतो. पण तो हलायलाच हवा. तारेच्या हलक्या, सततच्या दाबाने दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड झिजतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं भरतं. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. नवं हाड पक्कं व्हायला वेळ लागतो, म्हणून तारा काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. तो कृपया टाळू नका. मुळाचं टोक किंचित झिजू शकतं, बहुतेकांत नगण्य. मोठेपणी दात पडतात ते मुख्यतः किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने. खात्री करायचीय? उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे डॉक्टरांना शेजारी ठेवून दाखवायला सांगा. मुळाभोवतीचं हाड त्यात दिसतं.