‘पेक्षा’चं काम आणि ‘दॅन’चं काम

शाळेत आपण ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ असं पाठ केलं आणि विषय तिथेच मिटवला. शब्दकोशही तेच सांगतो. मराठी माणसांनी लिहिलेल्या इंग्रजीवर हात फिरवण्याचं काम मी बरीच वर्षं करते. त्या मजकुरात तुलनेची वाक्यं जितकी अडखळतात, तितकं काहीही अडखळत नाही. आणि चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी उगम पावते: लिहिणाऱ्याने ‘दॅन’कडून ‘पेक्षा’चं काम करून घेतलेलं असतं.

साल्हेर उंच आहे. कळसूबाई उंच आहे. साल्हेरपेक्षा कळसूबाई उंच आहे. तिन्ही वाक्यांत ‘उंच’ जसाच्या तसा. मराठीत तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ एकटा उचलतो, विशेषणाला हात लावावा लागत नाही. याचं कारण शब्दाच्या मुळातच आहे. ‘पेक्षा’ आला संस्कृत ‘अपेक्षा’वरून, आणि तिथे त्याचा अर्थ ‘च्याकडे पाहता’, ‘च्या संदर्भात’ असा. साल्हेरच्या १५६७ मीटरकडे पाहता १६४६ मीटरची कळसूबाई उंच, इतकंच आपण म्हणतो. जुन्या मराठीतला आणि खेड्यापाड्यांत अजून ऐकू येणारा ‘परीस’ घ्या किंवा ‘माझ्याहून मोठा’मधला ‘हून’ घ्या, विशेषण आपलं जागचं हलत नाही.

इंग्रजीने हेच काम दोघांत वाटून दिलंय. विशेषणाने ‘अर’ लावून किंवा पुढे ‘मोअर’ घेऊन तुलना करायची, आणि ‘दॅन’ने फक्त दुसरी बाजू आणून जोडायची. म्हणून ‘कळसूबाई इज हाय दॅन साल्हेर’ हे वाक्य मराठी कानाला पुरेसं वाटतं आणि इंग्रजीत मात्र लंगडं पडतं. ‘हायर’ हवं. (‘दॅन’ आणि ‘देन’ यांच्या स्पेलिंगची गल्लत ही वेगळी गोष्ट. मुळात तो एकच शब्द होता, इ. स. १७००च्या सुमारास त्याची दोन रूपं पक्की झाली. तुलनेत ए, वेळेसाठी ई, संपलं.)

उलटी चूक तितकीच घरोघरची: ‘मोअर बेटर’. तिच्यावर लोक हसतात, पण ती होते कशी ते पाहा. आपल्याला म्हणायचं असतं ‘अजून चांगलं’. त्या ‘अजून’साठी हाताशी पहिला येतो तो ‘मोअर’. इंग्रजीत या जागेला ‘ईव्हन’ किंवा ‘स्टिल’ आहे: ‘ईव्हन बेटर’. तसंच ‘खूप मोठं’ म्हणून ‘व्हेरी बिगर’ होत नाही, ‘मच बिगर’ होतं. बाकी दुहेरी तुलनेला कायमच बंदी होती असं नाही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये ब्रूटसच्या घावाला अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो, आणि १६११च्या किंग जेम्स बायबलात ‘मोस्ट स्ट्रेटेस्ट’ आहे. आपणही काही सोवळे नाही. ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृतातले तुलनेचे प्रत्यय, त्यांच्यावरूनच आपला ‘तरतमभाव’ आला. ‘श्रेष्ठ’मध्ये सगळ्यांत वरची पायरी आधीच गाठलेली आहे, तरी मानपत्रांत ‘श्रेष्ठतम’ बिनदिक्कत छापलं जातं.

इथपर्यंतच्या चुका कोणीही पकडतो. खरी फसगत होते ती व्याकरण ठीक दिसणाऱ्या वाक्यांत.

‘हापूसची किंमत पायरीपेक्षा जास्त आहे.’ मराठीत यात काडीचीही चूक नाही. हेच शब्दशः इंग्रजीत नेलं की होतं ‘द प्राइस ऑफ हापूस इज हायर दॅन पायरी’. आता इंग्रजी वाचक विचारतो, एका पारड्यात किंमत आणि दुसऱ्यात आंबा, हे कसं काय? मराठीत ‘पायरीपेक्षा’ म्हणजे पायरीच्या किमतीपेक्षा, हे ऐकणारा भरून घेतो. ‘पेक्षा’ तेवढी मोकळीक देतो. ‘दॅन’ तराजूचा काटा धरून बसतो: किंमत तर किंमत, आंबा तर आंबा. त्यासाठी ‘दॅन दॅट ऑफ पायरी’ असं लिहायला शिकवतात, अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’. बरोबर आहे, पण माझं मत विचाराल तर हे ‘दॅट ऑफ’ सरकारी परिपत्रकासारखं वाजतं. वाक्य मोडून पुन्हा बांधावं: ‘हापूस कॉस्ट्स मोअर दॅन पायरी’. दोन्ही पारड्यांत आंबे आले, शब्दही कमी लागले.

कधी एवढा खटाटोपही लागत नाही, एक ‘इन’ पुरतो. ‘दिल्लीत हिवाळा मुंबईपेक्षा कडक असतो’ याचं ‘विंटर इन दिल्ली इज कोल्डर दॅन मुंबई’ केलं तर ऋतूची तुलना शहराशी होते. ‘दॅन इन मुंबई’ म्हटलं की सुटला प्रश्न.

आता लेखाच्या सुरुवातीचं माझंच वाक्य पाहा: तुलनेची वाक्यं जितकी अडखळतात, तितकं काहीही अडखळत नाही. ‘दुसरं काहीही’ असं मी लिहिलं नव्हतं आणि तुम्हालाही ते खटकलं नसावं. इंग्रजीत मात्र ‘मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’ म्हटलं तर मुंबई स्वतःहूनही मोठी ठरते, कारण तीही महाराष्ट्रातच आहे. शाळेत ‘चेंज द डिग्री’च्या प्रश्नात ‘एनी अदर’ आणि ‘नो अदर’ घोकून घेतलं जायचं ते यासाठी. कारण मात्र कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि घोकलेलं असल्यामुळे पुढे लोक ‘बिगर दॅन एनी अदर सिटी इन केरला’ असंही लिहून जातात. मुंबई केरळात नाही, तिथे ‘अदर’ नको.

एका ठिकाणी ‘पेक्षा’ही तितकाच घोळ घालतो. ‘तिला माझ्यापेक्षा चहा जास्त आवडतो.’ मला चहा जितका आवडतो त्याहून तिला जास्त, की तिच्या लेखी मी चहाच्या खाली? मराठीत प्रसंग बघून ठरवायचं. इंग्रजीत ‘दॅन’नंतर ‘आय’ की ‘मी’ यावर जुना वाद आहे. रॉबर्ट लोथ या बिशपने १७६२च्या आपल्या व्याकरणात सांगितलं की पुढचं गाळलेलं क्रियापद मनात पुरं करा आणि त्याप्रमाणे रूप ठरवा. नियम चोख आहे, पण बोलताना बहुतेक इंग्रज ‘दॅन मी’च म्हणतात, म्हणजे घोळ उरतोच. त्यापेक्षा क्रियापद लिहूनच टाकावं: ‘मोअर दॅन आय डू’. उलट अर्थ हवा असेल तर ‘मोअर दॅन शी लाइक्स मी’. संसारातली कटकट वाचते.

काही शब्दांपुढे ‘दॅन’ चालतच नाही. ‘तो माझ्यापेक्षा सीनियर’ याचं ‘सीनियर दॅन’ होत नाही, ‘सीनियर टू’ होतं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही मंडळी लॅटिनमधून तुलना अंगावर घेऊनच आली. ‘प्रिफर’ही त्यांच्याच पंगतीतला: चहा कॉफीपेक्षा बरा वाटत असेल तर ‘आय प्रिफर टी टू कॉफी’.

आकडे आले की आणखी जपायचं. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि पुणे महापालिका हद्दीची सुमारे ३१ लाख. म्हणजे चौपट. ‘फोर टाइम्स ॲज मेनी पीपल ॲज पुणे’ लिहिलं तर अर्थाला दुसरी वाट नाही. ‘फोर टाइम्स मोअर’ लिहिलं तर कोणी चौपट वाचतो आणि कोणी मूळ अधिक चौपट, म्हणजे पाचपट. आपल्या ‘चार पटींनी वाढ’मध्ये हाच खड्डा आहे. ‘चौपट’ या जुन्या शब्दात तो नाही.

आणि वर मी ‘त्यापेक्षा क्रियापद लिहूनच टाकावं’ म्हटलं, तो ‘पेक्षा’ तर तुलनेचा आहे की नाही इथपासून प्रश्न. ‘एवढ्या उन्हात चालत कुठे जातोस, त्यापेक्षा रिक्षा कर.’ याचं ‘दॅन दॅट टेक अ रिक्षा’ असं भाषांतर मी छापील मजकुरात पाहिलंय. तिथे ‘इन्स्टेड’ लिहा, किंवा सरळ ‘यू’ड बेटर टेक अ रिक्षा’ म्हणा.