‘सार्वकालिक’ शिक्षेचा वाद: पार्श्वभूमी

देव प्रीती आहे, तर नरकाच्या शिक्षेला अंत का नाही? मराठी बायबल वाचताना हा प्रश्न मत्तय २५:४६ पाशी अडतो. एकाच वचनात ‘सार्वकालिक शिक्षा’ आणि ‘सार्वकालिक जीवन’. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘आयोनिओस’ हेच विशेषण आहे. ते ‘आयोन’ म्हणजे युग या नामावरून आले, आणि गुंता इथूनच सुरू होतो. बायबलमधला संदेष्टा योना माशाच्या पोटात अडकतो; त्याच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात त्याला कोंडणारे अडसर ‘आयोनिओस’ आहेत, तरी योना तीन दिवसांनी बाहेर येतो. जुने लोणचे आणि जुने देऊळ यांतला ‘जुना’ काळ सारखा नसतो, तसेच हे. याला पाचव्या शतकातले उत्तर असे: शिक्षा संपणारी मानली, तर तोच शब्द लावलेले जीवनही संपणारे ठरेल. दोन्ही एकाच वाक्यात असल्यामुळे हा मुद्दा सहज झटकता येत नाही.

सर्वांचे अखेर तारण होईल या मताविरुद्ध इ.स. ५५३ च्या ख्रिस्ती धर्मपरिषदेची १५ निषेधवचने दाखवली जातात. ती परिषदेने रीतसर संमत केली होती का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

खरी कसोटी इंग्लंडमध्ये लागली. तिथल्या चर्चच्या श्रद्धा ठरवणाऱ्या १५५३ च्या ४२ धर्मकलमांतले शेवटचे कलम याच मताचा निषेध करत होते. १५६३ च्या फेररचनेत ते गाळले गेले. पुढचा निकाल समजायला हे गाळलेले कलम ध्यानात ठेवावे लागते. १८६० च्या एका निबंधसंग्रहात एका पाळकाने दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा व्यक्त केली. १८६२ मध्ये धर्मन्यायालयाने त्याला वर्षभरासाठी निलंबित केले. ८ फेब्रुवारी १८६४ रोजी अपिलात ती शिक्षा रद्द झाली. अपील न्यायालयाने नरक रद्द केला, असे तेव्हापासून सांगितले जाते. ते चूक आहे. नरक अनंत आहे की नाही, यावर न्यायालयाने मतच दिले नाही. अशी आशा बोलून दाखवणाऱ्या पाळकाला दोषी धरण्याइतके स्पष्ट विधान चर्चच्या अधिकृत मजकुरात नाही, एवढेच ते म्हणाले. आशा धरणे आणि सिद्धांत मांडणे यांतला हा फरक फार मोलाचा आहे, आणि तोच गोंगाटात हरवला. सुमारे ११,००० पाळकांनी या निकालाच्या निषेधाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

भाषांतरानेही गोंधळ वाढवला होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात या वचनात शिक्षेला ‘एव्हरलास्टिंग’ आणि जीवनाला ‘इटर्नल’ असे दोन शब्द होते. १८८१ च्या सुधारित आवृत्तीने दोन्हीकडे ‘इटर्नल’ केले. मराठीतही एकच शब्द आहे, हे योग्यच. मात्र ‘सार्वकालिक’मध्ये मूळचे ‘युग’ दिसत नाही. तिथे तळटीप हवी.

पुढे भर शिक्षेच्या मुदतीवरून माणसाच्या नकाराकडे सरकला. १९९५ च्या एका अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) अहवालाने नरक म्हणजे देवाला अखेरपर्यंत नाकारल्याने येणारे संपूर्ण नास्तित्व, असे म्हटले. १९९९ मध्ये रोममधून पोपनी सांगितले, की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वेच्छेने कायमचे दुरावलेल्यांची अवस्था आहे. ‘कायमचे’ हा शब्द त्यातही आहेच.