पक्षाघातानंतर मेंदूत कोण कोण येतं?

२००१ साली पक्षाघातावरच्या एन्लिमोमॅब या औषधाच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. पांढऱ्या पेशींना रक्तातून मेंदूत शिरू न देणं, हे या औषधाचं काम. तर्क सरळ होता. गुठळी अडकून मेंदूचा एखादा भाग मेला की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, सूज वाढवतात आणि आजूबाजूच्या, अजून वाचू शकतील अशा चेतापेशींनाही मारतात. मग त्यांना वाटेतच अडवलेलं बरं! प्राण्यांमध्ये हे जमलंही होतं. पण ६२५ रुग्णांच्या या चाचणीत औषध घेतलेल्यांची प्रकृती इतरांपेक्षा जास्त बिघडली, मृत्यूही जास्त झाले. औषध उंदराच्या प्रतिपिंडापासून बनलेलं होतं, त्यामुळे माणसाची रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावरच उठली असावी, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे. तरी मला वाटतं, मूळ तर्कही भाबडाच होता. येणाऱ्या सगळ्या पेशी त्याने एकाच रांगेत आरोपी म्हणून उभ्या केल्या होत्या.

प्रत्यक्षात त्या एकदम येत नाहीत आणि एकच काम करत नाहीत.

मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मरणाऱ्या पेशी फुटतात, आतली द्रव्यं बाहेर सांडतात, आणि ती ओळखून सर्वांत आधी जाग्या होतात मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या रक्षक पेशी. या बाहेरून आलेल्या नसतात. गर्भावस्थेतच मेंदूत येऊन कायमच्या वस्तीला राहिलेल्या असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. पुढे बराच काळ पक्षाघाताच्या संदर्भात त्यांच्याकडे संशयानेच पाहिलं गेलं. २०१६ मध्ये संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया आधीच नष्ट केल्या आणि मग पक्षाघात घडवला. मेंदूचा मेलेला भाग कमी व्हायला हवा होता. तो सुमारे ६० टक्क्यांनी वाढला.

काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोहोचतात, आणि त्यांच्यावरचा आरोप बऱ्याच अंशी खरा आहे. त्यांची विकरं रक्तवाहिनीचं अस्तर सैल करतात, मेंदूला सूज येते, रक्तस्राव होऊ शकतो. मागून मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी येतात आणि मेंदूत शिरून त्यांच्या मॅक्रोफेज बनतात. या मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात, आणि तो उचलला गेल्याशिवाय दाह शमत नाही.

दुरुस्तीत भाग घेणाऱ्या एका पेशीला मात्र यायला आठवडे लागतात. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की दोन आठवडे उलटल्यावर उंदरांच्या मेंदूत नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने जमतात. ॲम्फिरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडून त्या दाह आवरतात. त्या काढून टाकल्या, तर उंदरांचं चालणं-वळणं सुधारायला जास्त वेळ लागतो. या पेशींवर सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाला पकडणारा ग्राहक (रिसेप्टर) असतो आणि नैराश्यावरच्या एका प्रकारच्या गोळ्यांनी त्यांची संख्या वाढली, असंही या संशोधकांना आढळलं.

हे वाचून कुणी घरच्या रुग्णाला अशा गोळ्या सुरू करू नयेत. त्याच गटातल्या फ्लुऑक्सेटिनची ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर चाचणी झाली. २०१८ च्या निकालानुसार हातापायांच्या कामात फरक पडला नाही. नैराश्य थोडं कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

मेंदूत ही धावपळ चाललेली असताना उरलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र काही दिवस ढेपाळते. जखमी मेंदूकडून ताणाचे संदेश सुटतात, आणि रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यात गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असले, की लाळ आणि अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. संसर्ग होण्याआधीच प्रतिजैविकं देऊन पाहण्याचे दोन मोठे प्रयोग नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये झाले. २०१५ मध्ये त्यांचे निकाल आले: त्याने रुग्ण अधिक बरे झाले नाहीत. म्हणूनच अंगावरून वारं गेलेल्या माणसाला गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका, असं डॉक्टर सांगतात. ‘घोटभर पाणी तरी’ हा आपल्याकडचा आग्रहही त्यात आला.