लाकडी ल्युअर: जुन्या नमुन्यांची पार्श्वभूमी

गळाला जिवंत आमिष लावण्याऐवजी लाकडाचा खोटा मासा लावायचा आणि तो पाण्यातून असा ओढायचा की मोठ्या माशाने भक्ष्य समजून त्याच्यावर झडप घालावी, एवढीच ल्युअरची कल्पना. जुने नावाजलेले नमुने आज कंपन्यांच्या नावांनी ओळखले जातात. पण त्यांतले कितीतरी आधी कोणीतरी स्वतःपुरते, हातात चाकू घेऊन कोरलेले होते. म्हणूनच त्यांच्या बरहुकूम घरी ल्युअर घडवणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर वाटतो. कारखाना उभा राहण्याआधी जे काम झाले, तेच ते पुन्हा करून बघतात.

अमेरिकेत आधी धातूची आमिषे आली. जुलिओ ब्यूएल यांनी १८५२ साली चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट घेतले, तर ओहायोतल्या रायली हॅस्केल यांनी १८५९ साली धातूच्या माशाचे. लाकडाला वाव मिळाला तो रीळमुळे, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळून ठेवणाऱ्या फिरकीमुळे. केंटकीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी दातेरी चाकांचे रीळ बनवले. हँडल एकदा फिरवले की आतली फिरकी अनेक फेरे घेई. असे सुळसुळीत रीळ हाताशी असले, की दोऱ्याच्या टोकाला थोडे वजन बांधून ते दूर फेकता येते. हाताच्या बोटाएवढा लाकडाचा ठोकळा त्या वजनाला नेमका पुरला.

मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावचे जेम्स हेडन मूळचे मधमाश्या पाळणारे. मधपेट्यांच्या रचनेसाठी त्यांचे नाव आधीच झालेले होते. तळ्याकाठी मित्राची वाट पाहत असताना त्यांनी सहज तासलेला लाकडाचा तुकडा पाण्यात भिरकावला आणि बास जातीच्या एका शिकारी माशाने तो उसळून धरला, अशी कथा सांगतात. कथा किती खरी असेल ती असो, १८९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हाताने कोरलेले लाकडी बेडूक मात्र आजही संग्राहकांकडे आहेत. पुढे १९०२च्या सुमारास हेडन कुटुंबाचा कारखाना सुरू झाला. काचेचे डोळे, रंगाचे गुळगुळीत थर आणि तीन टोकांचे गळ ही त्यांच्या ल्युअरची ओळख बनली. त्यांचा ‘झारागोसा’ हा नमुना नाकाला ओठ, म्हणजे पाणी अडवणारी पुढे आलेली पट्टी, नसलेला. शेपटीकडे जड असल्यामुळे तो पाण्यात तिरका तरंगतो आणि रॉडच्या (गळाच्या काठीच्या) टोकाला हलके झटके दिले की डावीकडे, उजवीकडे नाक वळवत पुढे येतो. फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरातल्या एका रस्त्यावरून त्याला हे नाव पडले.

इंडियानातल्या गॅरेट गावची क्रीक चब कंपनी वेगळ्या वाटेने गेली. तिने नाकाखाली धातूचा ओठ बसवला. लाकडी ल्युअरच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा बदल, असे माझे मत आहे. ल्युअर ओढला की पाणी ओठावर आपटते आणि नाक खाली जाते. ओठाच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात, अंग एकदा इकडे, एकदा तिकडे कलते आणि पोटातले शिसे त्याला पुन्हा सरळ करते. ओठ अंगाशी काटकोनाच्या जवळ असेल तर ल्युअर उथळ पाण्यात मोठे हेलकावे घेत चालतो, अंगाच्या रेषेत पुढे काढलेला असेल तर खोल जातो आणि बारीक थरथरतो. जाळीचे कापड अंगावर ताणून वरून रंग फवारायचा, म्हणजे खवले उमटतात, ही युक्तीही क्रीक चबनेच रुळवली. घरी ल्युअर रंगवणारे ती आजही जशीच्या तशी वापरतात. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला, तो याच कंपनीच्या लाकडी ल्युअरवर.

फिनलंडमधली हकिकत स्वतंत्र आहे. लाउरी रापाला पायान्ने सरोवरावर मासेमारी करून पोट भरत. शिकारी मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका तोल गेल्यासारखा, किंचित लडबडत पोहणारा मासा उचलतो, हे त्यांनी होडीतून बारकाईने पाहिले होते. १९३६ साली त्यांनी चांभाराच्या चाकूने बुचाच्या लाकडातून तसा मासा कोरला. अंगाला चॉकलेटच्या वेष्टणाची चांदी लावली आणि पाणी आत शिरू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. घरात जे सापडले त्यातून हे घडले. बुचाची जागा पुढे बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाने घेतली. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात या ल्युअरवर लेख आला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच निधन पावलेल्या मर्लिन मन्रो होत्या. अंक प्रचंड खपला आणि अमेरिकेतून आलेली मागणी पुरवणे कठीण झाले.

तोपर्यंत प्लॅस्टिक आले होते. हेडन कंपनीनेच १९३०च्या दशकात ते वापरायला सुरुवात केली. साच्यातून निघालेला प्रत्येक नग सारखा, वाळवण्याची आणि कातण्याची कटकट नाही; बहुतेक कारखान्यांनी लाकूड सोडले यात नवल नाही. तरी चाकू थांबला नाही. टेनेसीतल्या फ्रेड यंग यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्साचा फुगीर पोटाचा ‘बिग ओ’ हाताने कोरला. मासेमारीच्या स्पर्धेत उतरणारे लोक तो एकमेकांकडून भाड्याने घेत, असे सांगतात. नंतर तो प्लॅस्टिकमध्येही निघाला. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेदार बाससाठी लेथवर कातलेले जाड लाकडी ल्युअर टिकून राहिले. त्यांच्या आरपार तार घातलेली असते, म्हणजे लाकूड फुटले तरी मासा सुटत नाही.

जुने नमुने दरम्यान संग्राहकांच्या कपाटात गेले. हॅस्केलचा एक मोठा धातूचा मासा २००३ साली १ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. एवढी मोलाची वस्तू कोणी पाण्यात फेकणार नाही. ज्यांना जुन्या नमुन्याची चाल अनुभवायची आहे त्यांच्यापुढे तो स्वतः घडवणे हाच मार्ग उरतो. आपली प्रत कोणी अस्सल म्हणून विकू नये यासाठी प्रामाणिक कारागीर पोटाखाली स्वतःची खूण करतात, आणि ती करायलाच हवी.

प्रत करताना बहुतेकांची नजर रंगावर असते, खरी फसगत लाकडात होते. बाल्साचे वजन देवदाराच्या निम्म्याहून कमी भरते. मूळ नमुना देवदाराचा असेल आणि माप तेच ठेवून बाल्सा घेतला, तर ल्युअर पाण्यावर फार उंच तरंगतो आणि वाऱ्यात नीट फेकलाही जात नाही. शिसे वाढवून वजन जुळवता येते, पण ते एका जागी साठते आणि हेलकावा बदलतो. छिद्रांतून पाणी शिरले तर लाकूड फुगते, रंग तडकतो. त्यासाठी कोणी रंगाआधी लाकूड जवसाच्या तेलात मुरवतात, कोणी इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेचा थर देतात.

एवढे करूनही लाकडाचे दोन तुकडे सारखे चालत नाहीत. रापालांच्या कारखान्यात प्रत्येक ल्युअर पाण्याच्या टाकीत ओढून तपासायची पद्धत पडली ती यामुळेच. घरी हेच काम टबात किंवा उथळ पाण्यात होते. ल्युअर उजवीकडे ओढ घेत असेल तर दोरा बांधायची नाकावरची कडी पकडीने केसभर डावीकडे वाकवायची, पुन्हा ओढून पाहायचे, आणि तो सरळ चालेपर्यंत पकड खाली ठेवायची नाही.