सांधा लपवायचा की दाखवायचा? हाती घडवलेल्या फर्निचरच्या प्रदर्शनांची पार्श्वभूमी

हाती घडवलेल्या फर्निचरच्या प्रदर्शनात जाणकार माणूस आधी ड्रॉवर ओढून त्याचा कोपरा पाहतो, मग टेबलाखाली वाकतो. आकाराकडे तो नंतर वळतो. आतला सांधा असा उघड पाहायला मिळणं ही तशी अलीकडची गोष्ट. अठराव्या शतकातल्या उंची कपाटांत ड्रॉवरचा डव्हटेल सांधा (पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दात्यांचा) समोरून दिसू न देणं, वरून पातळ लाकडी पापुद्रा चिकटवणं हीच कारागिरी मानली जाई.

१८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात व्हिएन्नाच्या फर्निचर-निर्मात्या मिखाएल थोनेटनं वाकवलेल्या लाकडाचं फर्निचर मांडलं. पुढे १८५९ मध्ये त्याची १४ क्रमांकाची खुर्ची आली: सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. कारखान्याच्या या हिशेबापुढे हातकारागीर किमतीत टिकणं शक्यच नव्हतं. त्याला आपलं काम कसं झालंय तेच दाखवणं भाग होतं. १८८८ पासून लंडनमध्ये आर्ट्स अँड क्राफ्ट्स या हस्तकला-चळवळीची प्रदर्शनं सुरू झाली आणि यादीत आराखडा करणाऱ्याबरोबर घडवणाऱ्याचंही नाव येऊ लागलं. हा बदल फार मोलाचा. अर्नेस्ट गिमसन आणि सिडनी बार्न्स्ली या इंग्रज रचनाकारांनी तर डव्हटेल आणि पाचर मारलेली कुसवं (खाचेत बसणारी लाकडाची टोकं) मुद्दाम दर्शनी भागात आणली.

कोपनहेगनच्या सुतार-संघानं १९२७ ते १९६६ दरवर्षी प्रदर्शन भरवलं. कारखानी मालापुढे मागणी घटत होती, म्हणून वास्तुविशारद आणि कारागीर यांची सांगड घालण्यात आली. १९४९ च्या प्रदर्शनात डॅनिश रचनाकार हान्स वेगनरची गोल पाठीची खुर्ची होती. पाठ आणि हात जिथं जुळतात तो सांधा त्यानं आधी वेत गुंडाळून झाकला होता. नंतर वेत काढला आणि एकमेकांत गुंतणाऱ्या दात्यांचा नागमोडी सांधा उघडा ठेवला. खुर्चीचं सगळं देखणेपण आज त्याच रेषेत आहे.

टेबलाखाली वाकण्याचं कारण वेगळं: वरची फळी चौकटीला कशी जोडली आहे ते पाहणं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. सपाट कापाच्या (ओंडक्याच्या वलयांना समांतर चिरलेल्या) ओकच्या एक मीटर रुंद फळीतला ओलावा १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला, तर ती सुमारे दीड सेंटीमीटर आकसते. चौकटीला सरसानं घट्ट चिकटवली असेल तर वातानुकूलित दालनात ती तडकणारच. म्हणून जिथं स्क्रू वापरतात तिथं भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवतात.

अमेरिकेत फर्निचर घडवणाऱ्या जॉर्ज नाकाशिमानं तर लाकडातला तडाही लपवला नाही. त्यावर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवला. त्या तुकड्याचे तंतू तड्याला आडवेच हवेत. तड्याच्याच दिशेनं गेले, तर तो तुकडा मधल्या अरुंद कमरेत मोडतो.