डब्यावर ‘चार्ली’ लिहिलंय, पण आत कोण आहे?

ठाण्यात नौपाड्यात, पाचपाखाडीत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. घर रिकामं करायची वेळ आली की पोटमाळा उघडतो आणि पितळी भांडी, बंद पडलेला रेडिओ, दिवाळी अंकांचे गठ्ठे बाहेर पडतात. एखाद्या घरात त्यासोबत पत्र्याचा चपटा गोल डबाही निघतो. आत फिल्मचं रीळ, झाकणावर पेनाने ‘चार्ली’. चॅप्लिन यूट्यूबवर फुकट आहे, मग हे कशाला ठेवायचं, असं म्हणून डबा भंगारात जातो.

पण झाकणावरच्या नावावर विसंबणं धोक्याचं. आपल्याकडे गोल टोपी आणि चिमुकली मिशी दिसली की तो चार्लीच. प्रत्यक्षात १९१७-१८ च्या सुमारास अमेरिकेत बिली वेस्ट नावाचा नट चॅप्लिनची इतकी हुबेहूब नक्कल करत होता की भले भले फसत. त्याच्यासमोर धिप्पाड खलनायक म्हणून उभा राहायचा तो तरुण ऑलिव्हर हार्डी, पुढे लॉरेलसोबत जगप्रसिद्ध झालेला. उलटंही घडतं. मिशिगनमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका संग्राहकाने १६ मिलिमीटरचं एक रीळ विकत घेतलं. विनोदी मूकपट काढणाऱ्या कीस्टोन कंपनीची नेहमीची धावपळ असेल, असं समजून ते पडून राहिलं. नंतर लावून पाहिलं तर पोलिसाच्या वेशात खुद्द चॅप्लिन! १९१४ चा ‘अ थीफ कॅचर’ हा हरवलेला विनोदी पट असा २०१० मध्ये जगासमोर आला.

विनोदी मूकपटांची हेळसांड जरा जास्तच झाली. एक-दोन रिळांचे हे छोटे पट मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे, झिजले की टाकायचे. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी प्रती गाळल्या गेल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ मधल्या जवळजवळ ११ हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ रूपात अखंड उरले फक्त १४ टक्के. आपल्याकडची स्थिती याहून वाईट: सुमारे तेराशे मूकपटांपैकी पूर्ण किंवा तुकड्यांत हाती लागलेले तीसच्या आसपास. त्यात कालिपद दास यांचा ‘जमाई बाबू’ हा १९३१ चा बंगाली विनोदी पट टिकला, हे नशीबच.

मग विनोदी पट वाचले कुठे? बरेचसे लोकांच्या घरी. १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीने ९.५ मिलिमीटरची आणि १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म घरगुती प्रोजेक्टरसाठी आणली. दिवाणखान्यात भिंतीवर दाखवायला हसवणारे पट सोयीचे, म्हणून त्यांच्या प्रती भरपूर निघाल्या. मात्र वीस मिनिटांचा पट चार मिनिटांवर यायचा, नाव बदलायचं, नटांची नावं उडायची. ज्या प्रतीने पट वाचवला, तिनेच त्याची ओळख पुसली. लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ या १९२७ च्या पटातली केकफेकीची धुमाळी कित्येक वर्षं तुकड्यांतच पाहायला मिळायची. तिचं रीळ २०१५ मध्ये एका खासगी संग्रहात सापडलं, तेही १६ मिलिमीटरचं.

म्हणून अभ्यासक चित्राआधी फिल्मची कड पाहतात. कोडॅकने १९१६ पासून कडेवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापायला सुरुवात केली, त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. गोची अशी की वीस वर्षांनी त्याच खुणा पुन्हा येतात. १९१६, १९३६ आणि १९५६ ची खूण एकच. शिवाय प्रत काढताना निगेटिव्हच्या कडेवरचा मजकूरही प्रतीवर उतरतो. कृष्णधवल प्रतीवर काळी अक्षरं दिसली तर ती त्या फिल्मची स्वतःची, काळ्या कडेवर पांढरी दिसली तर तिच्या निगेटिव्हची. एकाच कडेवर अशा दोन पिढ्या वाचता येतात, हे मला तरी पटाच्या गोष्टीइतकंच रंजक वाटतं. पाथेच्या ९.५ ची तऱ्हा आणखी निराळी. छिद्रं दोन चौकटींच्या मधोमध, आणि शीर्षकपाटी (मूकपटात संवाद किंवा माहिती दाखवणारी अक्षरांची चौकट) आली की कडेला खाच. ती खाच लागली की प्रोजेक्टर काही सेकंद फिल्म रोखून धरायचा, म्हणजे पाटीसाठी फूटभर फिल्म वाया जायची नाही. आजच्या स्कॅनरला हे सांगितलं नाही तर पाटी डोळ्यांसमोरून सटकन निघून जाते.

चित्रातही पुरावे असतात. गाडीच्या नंबरप्लेटवरचं वर्ष, थिएटरबाहेरचं पोस्टर, कंपनीगणिक बदलणारी पाट्यांची नक्षी. कथानकाचा मागमूस लागला की त्या काळची चित्रव्यवसायाची मासिकं चाळायची. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी या संकेतस्थळावर ती ठाण्यात बसून मोबाइलवरही शोधता येतात.

आता रसायनशास्त्र, कारण खाडीकाठच्या शहरात खरा वैरी दमटपणा आहे. जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असू शकते. १९५१ च्या सुमारास कोडॅकने ती बनवणं थांबवलं. जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूंतच असतो, त्यामुळे पाण्याखालीही ती विझत नाही. २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा असाच गेला. तुकडा जाळून परीक्षा घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. १६ आणि ९.५ च्या फिल्म बहुतेक ॲसिटेटच्या. त्या भडकत नाहीत, पण आंबतात. हवेतली आर्द्रता रेणूतले ॲसिटिल गट तोडते, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची मोडतोड वेगाने करतं. चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरच्या बाटलीसारखा वास आला की समजायचं, चक्र सुरू झालंय. तापमान पाचेक अंशांनी उतरलं तर ढोबळमानाने आयुष्य दुप्पट होतं, म्हणूनच संग्रहालयं थंड आणि कोरडी ठेवतात. जुलैतला ठाण्याचा पोटमाळा यातलं काहीच देत नाही.

आक्रसलेलं रीळ जुन्या प्रोजेक्टरवर चढवलं तर छिद्रं फाटतात. त्यामुळे आता छिद्रांत अडकणाऱ्या दातेरी चाकांऐवजी गुळगुळीत रुळांवरून फिल्म नेणारे स्कॅनर वापरतात. ओरखड्यांसाठीची युक्ती तर मजेशीर आहे. प्रकाश फिल्मच्या पायाइतकाच (म्हणजे चित्राखालच्या पारदर्शक पट्टीइतकाच) वळवणारं द्रव्य फिल्मवर सोडतात, पायावरचे ओरखडे त्याने भरतात आणि पडद्यावरून गायब होतात. गतीचा वाद मात्र मिटत नाही. विनोदी पटांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर माणसं तुरुतुरु पळावीत. त्यांना ‘नैसर्गिक’ गतीवर आणणारे उत्साही लोक विनोदच मारून टाकतात, असं माझं मत.

डबा सापडलाच तर उघडताना खिडकी उघडी ठेवा. कडेचे आणि लेबलचे फोटो काढा. आंबूस वासाचं रीळ इतर रिळांपासून दूर ठेवा, हवाबंद पिशवीत कोंडू नका. ३५ मिलिमीटरचं असेल तर कुरिअरने पाठवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी फोटो पाठवून विचारा. आणि सुरुवातीची कोरी पट्टी कचरा समजून कापू नका, लॅबने शाईने लिहिलेलं पटाचं नाव कधी कधी फक्त तिथेच असतं.