अँटिऑक्सिडंट पूरके (त्वचेसाठी)

सुरकुत्या व काळे डाग उशिरा पडावेत, कांती टिकावी म्हणून पोटात घ्यावयाची क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, ग्लुटाथायोन इत्यादी. ग्रामीण विदर्भात या गोळ्या तालुक्याच्या मेडिकलमधून येतात. मोरावळा, आवळकाठी व च्यवनप्राश हेही याच वर्गात धरणे योग्य.

उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात व कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तुटते. अँटिऑक्सिडंट द्रव्ये ही मूलके निकामी करतात. वार्धक्याचा मुक्त मूलक सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. पूरकांचा व्यापार बराचसा त्यावरच उभा आहे. कोलॅजन घडण्यास क जीवनसत्त्व लागते हे निर्विवाद, परंतु गरजेपेक्षा (रोज पुरुषांस ८०, स्त्रियांस ६५ मिग्रॅ.) पुष्कळ अधिक घेतल्यास बराच भाग लघवीवाटे जातो.

चरकसंहितेत रसायन (वार्धक्य लांबवणारी चिकित्सा) हा चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय असून च्यवनप्राशाचा ५०० आवळ्यांचा पाठ (कृती) त्यात आहे. जरेने आलेले रूप जाऊन नवयौवन येते, अशी त्याची फलश्रुती. चरकसंहितेतील उणा भाग भरून काढणाऱ्या दृढबलाने (बहुधा इ. स. चौथे-पाचवे शतक) पूर्ण केलेल्या सतरा अध्यायांत हा मोडत नाही, त्यामुळे पाठ इसवी सनाच्या आगेमागे ठेवणे सयुक्तिक वाटते.

आवळ्यातील कार्यकारी घटकाविषयी मतभेद आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅ. आवळ्यात ६०० मिग्रॅ. क जीवनसत्त्व दिले आहे, २०१७ च्या कोष्टकात सुमारे २५२. वाण, पक्वता व मापनपद्धती यांनी आकडा बदलतो. शिबनाथ घोषाल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये श्रेय ‘एम्ब्लिकॅनिन’ या टॅनिनांना (तुरट द्रव्यांना) दिले. २००६ च्या एका विश्लेषणात मात्र ४५ ते ७० टक्के अँटिऑक्सिडंट प्रभाव क जीवनसत्त्वाचाच निघाला, आणि २००९ मध्ये एम्ब्लिकॅनिनांच्या ओळखीवरच आक्षेप घेतला गेला. हा उत्तरपक्ष अधिक ग्राह्य दिसतो. तसे असल्यास आवळकाठीची मातब्बरी कमी होते: मेळघाट-गडचिरोलीकडे आवळे उकडून, बिया काढून, फोडी उन्हात वाळवतात, आणि क जीवनसत्त्व उष्णतेने व उन्हानेच नासते. मोरावळ्यासाठीही टोचलेले आवळे पाकात शिजवावे लागतात. ताजा आवळा मिठाशी खाणे सरस.

गोळ्यांचा पुरावा तोकडा आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर चाचणीत (निष्कर्ष २०१३) साडेचार वर्षे रोज ३० मिग्रॅ. बीटा-कॅरोटीन घेऊनही त्वचेचे वार्धक्य एकंदरीत थांबले नाही. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांचे मात्र मंदावले. फ्रान्समधील एका चाचणीत (२००७) मिश्र पूरके घेणाऱ्या स्त्रियांत त्वचेचा कर्करोग उलट वाढला. टोमॅटोची पेस्ट दहा आठवडे खाल्ल्यास उन्हाने येणारी लाली कमी होते, असे २००१ चा एक छोटा प्रयोग सांगतो. सुरकुत्यांशी त्याचा संबंध नाही. फिनलंडमध्ये (१९९४) बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याने बिडी ओढणाऱ्याने ही गोळी टाळलेली बरी. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने मूतखड्याचा धोका वाढतो.

कापूस वेचताना वा मे महिन्यात तेंदूपाने तोडताना बाया डोक्या-तोंडावरून दुपट्टा घट्ट गुंडाळतात. त्वचेच्या बाबतीत गोळीपेक्षा त्यालाच अधिक आधार आहे.

भारतात या गोळ्या अन्नसुरक्षा विनियमांखाली अन्न म्हणून विकल्या जातात, व ‘औषधी वापरासाठी नाही’ हा मजकूर वेष्टनावर असावा लागतो. तो बहुधा इंग्रजीत व बारीक अक्षरांत असतो.